गोणीपासून पाऊचपर्यंत : परभणी जिल्ह्यातील वेष्टनांचा इतिहास

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या जमिनीवर वसलेल्या परभणी जिल्ह्यातून पूर्वी बाहेर जाई तो शेतमाल, म्हणजे ज्वारी, कापूस, करडई आणि डाळी. आत येई ते मीठ, कापड, लोखंड आणि किराणा. हा माल भरण्या-बांधण्यासाठी लागणाऱ्या वस्तू बहुतांशी गावातच तयार होत. शेताच्या बांधावर आणि तुरीच्या ओळींत पेरलेली अंबाडी भाजीसाठी खुडली जाई, आणि तिची वाळलेली खोडे पाण्यात कुजवून वाख काढला जाई. त्या वाखाचे दोर, कासरे आणि सुतळी वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. टोपल्या आणि कणग्या बुरूड विणत, मडकी-रांजण कुंभार घडवत. जेवणावळींना पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लागत. पावसाळ्यापूर्वी ते टाचून, दाबून, गठ्ठ्याने ठेवले जात. धान्याची साठवण पेवांत आणि बळदांत होई. लांबच्या वाहतुकीसाठी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य नेत. जिंतूर भागातील अनेक तांडे आजही त्या वाहतुकीच्या काळाची आठवण देतात.

या साऱ्या वस्तूंचा एक गुण त्या काळी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू एकाच पदार्थाची होती. गोणी फक्त तागाची किंवा अंबाडीची, डबा फक्त पत्र्याचा, पत्रावळ पानांची आणि तिला टाचणारी काडीही गवताची किंवा बांबूची. फाटकी गोणी पायपुसणे होई, नंतर उकिरड्यात जाऊन खत होई. फुटके मडके मातीत मिसळे. प्लॅस्टिकच्या वेष्टनांचा प्रश्न समजून घ्यायचा तर हा एकपदार्थीपणा ध्यानात ठेवावा लागतो, कारण पुढे नेमका तोच नाहीसा झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि परभणी, सेलू, मानवत रोड, पूर्णा ही स्थानके मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९९९ मध्ये वेगळा झालेला हिंगोलीचा भागही त्यातच होता. रेल्वेमुळे कापसाच्या व्यापाराला जोर आला. सेलू आणि मानवत इथे सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. मनमाडला मीटरगेजवरचा माल उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत चढवावा लागे. हमालांच्या आकड्यांचे घाव सोसेल असेच वेष्टन या मार्गावर टिकत असे, आणि बंगालच्या गिरण्यांतून येणारे तागाचे गोणपाट ते काम करी. रुईच्या गाठीवर गोणपाट आणि वरून लोखंडी पट्ट्या, अशी बांधणी होती. ही दोन पदार्थांची बांधणी असली तरी गिरणीत गाठ फोडली की गोणपाट एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे होई. दोन्हींना स्वतंत्र गिऱ्हाईक होते. आजच्या वेष्टनशास्त्रात हाताने सुटे होणारे भाग आणि एकमेकांना कायमचे चिकटलेले भाग यांत जो भेद करतात, तो या गाठीवर स्पष्ट दिसतो.

मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात आणि त्याचा स्वतंत्र भाव असतो. भरलेल्या पोत्याचे वजन केल्यावर बारदानाचे वजन वजा करण्याची पद्धत आहे. नवे बारदान, एकदा वापरलेले आणि ठिगळ लावलेले असे दर्जे धरले जात. पोती शिवणाऱ्यांचा दाभण-सुतळीचा धंदा याच बाजारावर चाले. बारदानाला किंमत होती म्हणून ते शेतकऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून गिरणीकडे आणि पुन्हा मोंढ्यात फिरत राहिले. त्यासाठी कायदा किंवा जनजागृतीची मोहीम लागली नाही. बारदानाचे महत्त्व पुढेही संपले नाही. २०१७ मध्ये हमीभावाने होणारी तूर खरेदी राज्यात ठिकठिकाणी केवळ बारदान नाही म्हणून रखडली आणि शेतकऱ्यांना तुरीच्या ढिगांजवळ दिवस काढावे लागले.

प्लॅस्टिकचा जन्म या भूमीपासून फार दूरचा. पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडले. कमी दाबाखाली घट्ट पॉलिथिन बनवण्याची रीत कार्ल त्सीग्लर यांनी १९५३ मध्ये शोधली आणि पाठोपाठ जूलिओ नाट्टा यांच्या कामातून पॉलिप्रॉपिलिन आले. भारतात पॉलिथिनचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल या पेट्रोरसायन कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये बडोद्याला आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीची स्थापना झाली, आणि कच्चा माल देशातच मिळू लागला.

परभणीच्या शिवारात हा पदार्थ किराणा दुकानातून नव्हे, शेतीच्या वाटेने आला. १९६४ च्या सुमारास संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण देशात आले. त्यामागोमाग रासायनिक खते आणि कीटकनाशके आली. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. नव्या बियाण्याला ओलावा चालत नव्हता आणि युरिया हवेतला ओलावा शोषून तागाच्या पोत्यात दगड होत असे. त्यामुळे आधी पोत्याच्या आत पॉलिथिनची सुटी पिशवी आली आणि नंतर पोतेच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे विणले जाऊ लागले. ताग उत्पादकांच्या संरक्षणासाठी केंद्राने १९८७ मध्ये तागाचे वेष्टन सक्तीचे करणारा कायदा केला. अन्नधान्य आणि साखरेला त्याचा आधार टिकला, खत आणि सिमेंट मात्र प्लॅस्टिककडे गेले.

खताचे रिकामे पोते जिल्ह्यात वाया गेले नाही, हे नमूद करायला हवे. उसवलेली पोती एकमेकांना शिवून खळ्यावर अंथरायचे तळवट करतात. गोठ्याच्या तट्ट्यावर, कडब्याच्या गंजीवर, पावसात डोक्यावर घोंगडीसारखे पांघरायला त्याचा उपयोग होतो. उन्हाने पट्ट्या कडकडीत होऊन तुटेपर्यंत ते पोते घरात असते. एकाच पदार्थाचे, मजबूत आणि मोठ्या आकाराचे वेष्टन लोक स्वतःहून जपतात, याचा हा चांगला दाखला आहे.

परंतु याच पोत्याने कापसाचे नुकसान केले, आणि तो भाग वेष्टनाच्या इतिहासात सहसा लिहिला जात नाही. वेचणीला गेलेल्या बायका ओटीतला कापूस खताच्या पोत्यात दाबून भरतात. पोत्याच्या जुन्या, विरलेल्या पट्ट्यांचे तंतू कापसात मिसळतात. जिनमध्ये ते निघत नाहीत, सुतात कातले जातात आणि कापड रंगवल्यावर पांढऱ्या रेषा होऊन दिसतात, कारण कापसाचा रंग पॉलिप्रॉपिलिन धरत नाही. असा कापूस गिरणी कमी भावात घेते. केंद्राने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यात अशा भेसळीचा मुद्दा ठळक होता. वेचणीसाठी सुती पिशव्या वापराव्यात असे कृषी विस्ताराचे लोक तेव्हापासून सांगत आले. सुती पिशवी विकत आणावी लागते आणि खताचे पोते घरात पडलेले असते, एवढ्या एका कारणाने तो सल्ला पुरता रुजला नाही.

खाद्यतेलाच्या वेष्टनाची कथा परभणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. करडई हे इथले जुने रब्बी पीक. काट्यांमुळे जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून ज्वारी-गव्हाच्या कडेने करडईचे पाटे टाकण्याची रीत होती. विद्यापीठाने या पिकावर दीर्घकाळ संशोधन केले, ‘परभणी कुसुम’ हे तिथलेच वाण. बैलघाण्यावर काढलेले करडईचे तेल लोक घरच्या बरणीत किंवा किटलीत आणत. दुकानात पंधरा किलोचा पत्र्याचा डबा असे आणि त्यातून मापाने सुटे तेल विकले जाई. रिकाम्या डब्याला मागणी इतकी की त्यात धान्य, पीठ, पाणी, काहीही भरले जाई. शेवटी तो कापून झोपडीच्या कुडाला ठोकला जाई.

ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्ली आणि उत्तर भारतात धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने जलशोथाची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. हा धोतरा म्हणजे पिवळ्या फुलांचा, काटेरी, पडीक रानात दिसणारा. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर १९९८ रोजी खाद्यतेल वेष्टन नियमन आदेश काढला. तेल बंद वेष्टनातच विकावे, वेष्टन करणाऱ्याने नोंदणी करावी आणि तेलाची तपासणी व्हावी, हा त्याचा गाभा होता. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यतेलासाठी एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा तेल भरायला वापरण्यास मनाई केली. भेसळीच्या बळींचा विचार करता हा निर्णय योग्यच होता. त्याची दुसरी बाजू अशी, की बरणी घेऊन दुकानात जाण्याची सवय मोडली आणि एक लिटरची पिशवी घरोघर आली. तेलाची पिशवी साधी दिसते, पण ती बहुधा अनेक थरांची असते. सगळे थर पॉलिथिनचेच असले तर ती वितळवता येते. वास आणि हवा अडवण्यासाठी मध्ये नायलॉनचा थर घातला की तिची किंमत भंगारात घसरते. शिवाय आत राहिलेले तेल धुवायला गरम पाणी आणि साबण लागतो. छोट्या भंगारवाल्याला तो खर्च परवडत नाही.

खरी घसरण मात्र पाऊचने झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण भारतात शाम्पू छोट्या पाऊचमध्ये विकण्याची कल्पना रुजली आणि १९८० च्या दशकात ती देशभर पसरली. ज्याच्या हातात रोजची मजुरी येते त्याला बाटली घेणे जमत नाही, एक-दोन रुपयांचे पाऊच जमते. मराठवाड्याच्या बाजारगावांत शाम्पू, चहापत्ती, मसाला, पानमसाला अशा सगळ्यांच्या माळा पानटपरीवर आणि किराणा दुकानात लटकू लागल्या. या पाऊचमध्ये पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा किंवा वर्ख, आत पॉलिथिन आणि मध्ये चिकटद्रव्य असते. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर वितळते आणि पॉलिथिन ११० ते १३० च्या आसपास, म्हणून दोन्ही एकत्र वितळवून चांगला माल निघत नाही. सुटे करायची सोय नाही. वजन इतके कमी की किलोभर जमवायला हजाराच्या घरात पाऊच वेचावी लागतील. इतक्या कष्टाला मोबदला नाही म्हणून ती कोणी उचलत नाही, आणि नाल्यांत, बांधावर, उकिरड्यातल्या शेणखतातून थेट शेतात जाऊन पडतात.

भंगाराचा धंदा हा या इतिहासातला सर्वांत जाणकार आणि सर्वांत दुर्लक्षित घटक. गावोगाव हातगाडी किंवा सायकल घेऊन फिरणारा भंगारवाला पैसे, कधी कांदे-लसूण देऊन माल घेतो आणि तालुक्याच्या गोदामात वर्गवारी होते. तिथे काम करणाऱ्यांना, ज्यांत बायका पुष्कळ असतात, प्लॅस्टिकवर छापलेले पदार्थाचे आकडे वाचावे लागत नाहीत. हातात चुरगाळले की मऊ, निःशब्द राहते ते नरम पॉलिथिन आणि कुरकुर वाजते ते कडक पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. शंका आली तर एक तुकडा पेटवतात. पॉलिथिन मेणबत्तीच्या वासाने जळते आणि थेंब गळतात, पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो. पुढे मोठ्या शहरातल्या कारखान्यात तुकडे पाण्याच्या हौदात टाकतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलके म्हणून तरंगतात, पेट, म्हणजे बाटल्यांचे पॉलिस्टर, जड म्हणून तळाशी बसते. बाटली आणि तिचे झाकण असे आपोआप वेगळे होतात. पण बाटलीवर पीव्हीसीचे आवरण असेल तर तेही बुडते आणि पेटबरोबर भट्टीत जाऊन सगळा घाणा नासवते. बाटलीचे वेष्टन कसे असावे याचा सारा निकाल या हौदात लागतो.

रंगाचाही भाव ठरलेला असतो. दुधाळ रंगाच्या कॅनला रंगीत कॅनपेक्षा आणि पारदर्शक बाटलीला हिरव्या किंवा तपकिरी बाटलीपेक्षा जास्त मागणी असते, कारण बिनरंगी दाण्यापासून कुठल्याही रंगाची वस्तू करता येते. पेट बाटल्यांच्या तुकड्यांपासून प्रामुख्याने पॉलिस्टर धागा निघतो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या रिकाम्या बाटल्या कापसाच्याच स्पर्धक धाग्यात रूपांतरित होऊन बाजारात येतात, याची नोंद कापूस उत्पादकांनीही घ्यावी.

कीटकनाशकांचे डबे मात्र या सगळ्यांतून वेगळे काढायला हवेत. त्यांचे प्लॅस्टिक बहुधा कडक पॉलिथिन, म्हणजे पुनर्चक्रणाला सोपे. तरी आतल्या विषामुळे ते घरगुती भंगारात जाता कामा नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी वेष्टने उघड्यावर टाकू नयेत, मोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे. शेतावर प्यायच्या पाण्यासाठी असा डबा वापरण्याची सवय जीवघेणी आहे.

कायद्याने या विषयात उशिरा आणि अडखळत प्रवेश केला. केंद्राच्या १९९९ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला आणि महाराष्ट्राने २००६ मध्ये ५० मायक्रॉनची अट घातली. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि वेचणाऱ्याला तिचे वजन परवडते, हे त्यामागचे सूत्र बरोबर होते. केंद्राच्या २०११ च्या नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्यासाठी प्लॅस्टिकचे पाऊच बंद केले. २०१६ च्या नियमांत पुनर्चक्रण न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत थांबवण्याची तरतूद होती. ती टिकली असती तर पाऊचचा प्रश्न मुळातच सुटायला लागला असता. मार्च २०१८ च्या दुरुस्तीत तिची व्याख्या बदलली. ज्यापासून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग आहे असे बहुस्तरीय प्लॅस्टिक त्यातून सुटले, आणि भट्टीत जाळता येण्याजोगे जवळपास सगळेच त्या सवलतीत बसले. ही माघार महागात पडली.

त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर ती अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड होता. परभणीच्या बाजारात कापडी पिशव्या दिसल्या आणि लग्नांतून थर्माकोलची ताटे कमी झाली. परंतु कारखान्यातच मालाला चढवलेले वेष्टन बंदीतून वगळलेले होते. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची छपाई करून ती परत घेण्याची तरतूदही अधिसूचनेत होती. बारदानाला जो भाव बाजाराने आपोआप दिला तो इथे कायद्याने द्यायचा होता, पण दुकानाच्या गल्ल्यापर्यंत ही योजना नीट पोचली नाही.

केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तू बंद केल्या आणि पिशवीची जाडी आधी ७५, मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. याहून महत्त्वाचा बदल १६ फेब्रुवारी २०२२ चा. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी अशी, मार्गदर्शक तत्त्वे त्या दिवशी आली. त्यांत वेष्टनांचे गट पाडले. पहिला कडक प्लॅस्टिकचा, दुसरा लवचीक प्लॅस्टिकचा, तिसरा प्लॅस्टिकबरोबर धातू किंवा कागदाचा थर असलेल्यांचा आणि चौथा कंपोस्ट होणाऱ्यांचा. पुनर्चक्रित माल किती वापरावा याचे उद्दिष्टही ठरले. पहिल्या गटाला २०२५-२६ साठी ३० टक्के, दुसऱ्याला १० आणि तिसऱ्याला अवघे ५ टक्के. मिश्र वेष्टन परत वापरात आणणे किती अवघड आहे, याची कबुलीच या उतरत्या आकड्यांत आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनात पुनर्चक्रित पेट वापरण्यास अटींसह परवानगीही २०२२ मध्ये मिळाली.

जिल्ह्यात आज वेष्टनाची निवड करणारे लोक पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. लाकडी घाण्याचे करडई तेल, ज्वारीचे पापड, शेंगदाण्याची चटणी, डाळी विकणारे बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या पिशव्या छापून घेतात. त्यांच्यापुढचा पर्याय असा आहे. चकचकीत, धातूचा थर असलेल्या पिशवीत माल जास्त महिने टिकतो आणि दुकानात उठून दिसतो. पूर्णपणे पॉलिथिनच्या किंवा पूर्णपणे पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत ओलावा चांगला अडतो, हवा तितकी अडत नाही. म्हणून डाळ, पापड, ज्वारीचे पीठ यांना ती पुरते. तेलकट चटणीचा खवटपणा मात्र लवकर येतो, तिथे लहान घाणे काढून लवकर विकणे किंवा काचेची बरणी हा मार्ग उरतो. एकाच पदार्थाच्या पिशवीला सील करताना तापमान जपावे लागते. यंत्र थोडे जास्त तापले तर पिशवी आक्रसते, कमी तापले तर तोंड उघडते. नवे यंत्र घेताना तापमान नेमके राखणारे घेतले तर ही अडचण दूर होते. छपाई कमी रंगांची, चिठ्ठी त्याच पदार्थाची, बाटली बिनरंगी आणि झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचे असले की भंगाराच्या गोदामात त्या वेष्टनाला पूर्ण भाव मिळतो. छपाईची मागणी देतानाच पिशवीचे थर कोणत्या पदार्थांचे आहेत हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे आणि पदार्थाचा क्रमांक पिशवीवर छापून घ्यावा. सात हा आकडा ‘इतर’ पदार्थांचा असतो. भंगाराच्या गोदामात असा माल सहसा घेतला जात नाही.